डिझेल, गॅस आणि अक्का

दुसऱ्या बाळाची बातमी कळली त्या दिवशी मी पेढे आणायला बाहेर पडलो आणि पेढे न आणता तीन गाड्यांची माहितीपत्रकं घेऊन परत आलो. शोरूम वाटेत होती. मुलीने पेढ्यांचं विचारलं. आनंद झाला की मला काहीतरी काम हातात घ्यावंसं वाटतं, नुसतं आनंदी बसून राहणं मला जमत नाही. आमची जुनी गाडी लहान होती, मागे तिघं बसली की एकाने खांदा तिरका धरायचा. त्यामुळे काम समोरच होतं.

मी जळगावात कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. म्हणजे फोर स्ट्रोक इंजिनाची आकृती मला डोळे मिटून फळ्यावर काढता येते, आणि प्रत्यक्ष गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं तर खटका शोधण्यात पाच मिनिटं जातात. पण आकृती येते म्हणजे इंजिन कळतं, असा माझा पक्का समज होता. गाडीचा निर्णय शास्त्रशुद्ध पद्धतीने घ्यायचं मी ठरवलं. आधी एका कागदावर माणसं लिहिली: मी, बायको, मुलगी, येणारं बाळ, आबा, आई. माझे वडील आबा आणि आई चोपड्याजवळच्या गावी केळीच्या बागेवर राहतात, पण महिन्यातले आठ-दहा दिवस आमच्याकडे असतात, आणि ते आले की कुठेही जायचं तर सगळ्यांनी मिळून. एकूण सहा. त्यातलं एक निदान दोन वर्षं मांडीवर. पाच सीटची गाडी पुरे, असं लिहून मी खाली दोन रेघा मारल्या.

बायकोने कागद वाचला. "सात सीटची बघू या का?"

"एवढं धूड आपल्या गल्लीत वळणार नाही," मी म्हणालो. "आणि सातवं आहे कोण?"

तिने कागद परत दिला आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. बायको एखादा विषय सहसा दुसऱ्यांदा काढत नाही. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं धरून चालायची माझी लग्नापासूनची सवय आहे.

मग इंजिनाचा प्रश्न आला. त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये पेट्रोल, डिझेल, गॅस आणि बॅटरी असे चार पक्ष पडले. जीवशास्त्राच्या सरांकडे सीएनजीवर चालणारी सात सीटची गाडी होती, ते गॅसशिवाय दुसरं काही ऐकून घेत नसत. मराठीच्या मॅडम विजेवरच्या गाडीची बाजू इतक्या तळमळीने मांडत की त्यांना मुळात गाडी चालवताच येत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात बॅटरी किती टिकेल, पारोळ्याच्या पुढे चार्जिंग कुठे करायचं, यावर घंटा झाली तरी वाद चालायचा आणि मुलं वर्गात आमची वाट बघत बसायची. मी सगळ्यांचं ऐकायचो आणि वहीत टिपून घ्यायचो.

आबांच्या लेखी चार पक्ष वगैरे काही नव्हतं. ट्रॅक्टर डिझेलवर, विहिरीवरचं जुनं इंजिन डिझेलवर, केळी भरायला येणारे ट्रक डिझेलवर. "डिझेलनी गाडी लेवानी," ते अहिराणीत म्हणाले, म्हणजे डिझेलचीच घ्यायची. "बठ्ठं आयुष्य डिझेलवर गयं आपलं."

आमच्याकडे गाडी बघायला जायचं तर घरी कोणी मागे राहत नाही. आम्ही पाचही जण शोरूममध्ये गेलो आणि पाचही जणांनी प्रत्येक गाडीच्या प्रत्येक सीटवर बसून पाहिलं. सेल्समनने पेट्रोलची गाडी सुरू केली. आबांनी बॉनेटवर तळहात टेकवला, कान जवळ नेला.

"चालू शे का बंद शे?"

"चालू आहे ना, काका."

आबांनी हात काढून घेतला. "मुकी शे," ते मला म्हणाले. "इंजिन बोलाले पाहिजे, भाऊ. नही ते बिघाड कसा समजी?"

आबा बांधावर बसून शेजारच्या शेतातल्या इंजिनात काय बिघडलंय ते सांगतात, आणि सगळं पुस्तक पाठ असून मला माझ्याच गाडीचा आवाज कळत नाही. डिझेलच घ्यावी, असं मला त्या दिवशी वाटायला लागलं.

आमच्या जुन्या गाडीचं काम एक मिस्तरी करतो. शेवटचा सल्ला त्याचा घ्यावा म्हणून एका रविवारी संध्याकाळी मी स्कूटरऐवजी जुनी गाडी काढली आणि बायकोला एस.टी. स्टँडवरून घेऊन तसाच गॅरेजवर गेलो. मिस्तरी गाड्यांबद्दल बोलण्याआधी माणसांबद्दल विचारतो. डिझेलच्या नव्या गाड्यांत धूर गाळायची जाळी असते, त्याने समजावलं. गाडी लांब पळाली की ती जाळी तापून आपोआप साफ होते. नुसती गावात कॉलेज ते घर, घर ते भाजीबाजार अशी फिरवली तर जाळी तुंबते आणि मग गाडी त्याच्याकडे येऊन पडते.

"सर, लांबचं जाणं किती होतं?"

"गावाला. चोपड्याकडे. महिन्यातून एकदा," मी म्हणालो.

"आणि धुळ्याला चारदा," बायको गाडीत बसल्या बसल्या म्हणाली.

"धुळ्याला चारदा कधी जातो आपण?"

"आपण नाही. मी जाते. आत्ता तिथूनच आलेय."

मिस्तरीने लगेच खाली वाकून कुठलासा नट शोधायला सुरुवात केली. दर रविवारी पहाटे मीच तिला स्कूटरवरून स्टँडवर सोडत होतो आणि संध्याकाळी आणायला जात होतो. पण ती एस.टी.ने जाते, म्हणून ते जाणं माझ्या गाडीच्या विचारात कधी आलंच नव्हतं. पोटात बाळ असताना ती दर आठवड्याला एस.टी.त अडीच-तीन तास जाताना आणि तेवढेच येताना बसत होती, आणि मी घरी बसून वहीत अ‍ॅव्हरेज लिहीत होतो.

धुळ्याला तिची आई राहते. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. बायको एकुलती एक. सासरे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून अक्का दोन खोल्यांच्या घरात एकट्या आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गॅस पेटवताना हात भाजून घेतात, आणि विचारलं तर तव्याला लागलं म्हणतात. आमच्याकडे राहायला याव्यात असं बायकोला वाटायचं, आणि ते न होण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांचा नेम होता. "आंडेरना घर मुक्काम नही करना." आंडेर म्हणजे लेक. लग्नानंतर सुरुवातीला तर त्या आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत, तांब्या सोबत आणत. नात झाल्यावर पाणी चालायला लागलं, मग चहा, मग जेवण. पण मुक्कामाशी येऊन त्या थांबल्या. सकाळच्या गाडीने यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. नातीच्या पाचव्या वाढदिवसाला पाऊस इतका लागला होता की वाटेत पाणी भरलं, तरीही त्या गेल्या.

आता डॉक्टरांनी सांगितलं की डोळे आणखी लांबवू नका. ऑपरेशन जळगावात करायचं ठरलं. दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी परत धुळ्याला, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी तिथल्याच डॉक्टरांकडून काढून घ्यायची, अशी सगळी व्यवस्था अक्कांनी शेजारणीकरवी फोन करून स्वतः लावली. आधी एक डोळा, मग दोन महिन्यांनी दुसरा.

त्यांना आणायला जीवशास्त्राच्या सरांनी त्यांची सीएनजीची गाडी दिली. मला त्यात दुहेरी सोय दिसली. अक्काही येतील आणि गॅसच्या गाडीची लांबच्या रस्त्यावर परीक्षाही होईल. परीक्षा म्हटल्यावर आबा आले, आबा आले म्हणून आई आली, मुलीला सुट्टी होती. बायकोला सहावा महिना होता. आम्ही पाच जण पहाटे निघालो.

धुळ्याला अक्कांच्या दारात बसण्यावरून भर रस्त्यात बराच वेळ वाद झाला. विहीणबाईंनी पुढे बसावं असा आईचा आग्रह, आबा तर दार उघडून उभेच राहिले. अक्का कोणाचं ऐकेनात. "मी मांगे बसस. माले मांगेच बरं वाटस." सगळ्यात मागच्या सीटवर जायचं तर मधली सीट दुमडावी लागते, म्हणजे मधल्यांनी आधी खाली उतरायचं. आई उतरली, बायको कमरेवर हात ठेवून उतरली, मुलगी उतरली. मग अक्का पाऊल चाचपत आत चढल्या आणि कोपऱ्यात, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. "केवढा तरास दिधा मी तुम्हले," त्या म्हणाल्या. सगळे "छे छे" म्हणाले आणि आम्ही निघालो.

पारोळ्याच्या अलीकडे गॅसचा काटा खाली आला. पंपावर रांग होती. नंबर जवळ आल्यावर पंपावरच्या माणसाने काचेवर टकटक केली. "सगळे खाली उतरा. गाडीत कोणी नको."

हा नियम मला माहीत होता. गॅस भरताना गाडीत कोणी बसायचं नसतं, सीएनजीच्या प्रत्येक पंपावर तसं लिहिलेलंही असतं. माझ्या वहीत मात्र तो नव्हता. आबा पटकन उतरले आणि नळीचं तोंड बघायला पुढे गेले. आई उतरली, मुलगी उतरली, बायको पुन्हा कमरेवर हात ठेवून उतरली. मधली सीट पुन्हा दुमडली. अक्कांचा पाय जमीन शोधत किती तरी वेळ हवेत राहिला, शेवटी मी हात दिला. सकाळचे दहाच वाजले होते, पण ऊन टाळूवर आलं होतं. सावलीत बसायला काही नव्हतं. सगळे एका भिंतीला लागून उभे राहिले. मी गाडी नळीपाशी लावून त्यांच्याजवळ आलो.

अक्कांना त्या उजेडात काही नीट दिसत नसावं. कोणीतरी ओरडलं, सगळ्यांना उतरवलं, गाडी पुढे गेली, एवढंच त्यांना कळलं. त्या बायकोच्या जवळ सरकल्या आणि हळूच, पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"मन्हामुये बठ्ठासले उतरनं पडनं का?"

माझ्यामुळे सगळ्यांना उतरावं लागलं का?

"नाही गं आई," बायको म्हणाली. "गॅस भरताना बसू देत नाहीत गाडीत."

"हां हां," अक्का म्हणाल्या. पण त्यांना ते लेकीने सावरून घेतल्यासारखं वाटलं असावं. थोड्या वेळाने त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली आणि तिथूनच निघायला लागल्या. "आठेन एस.टी. भेटी जाई माले. तुम्ही व्हा पुढे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मी काय बोलतो ते बघायला. मी काय बोललो? मी म्हणालो, "अक्का, गॅस भरून झाला. चला बसू." आणि गाडी आणायला गेलो.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी त्यांना परत सोडायला मी एकटाच गेलो, बायकोचे पाय सुजले होते. या वेळी अक्का पुढे बसल्या, डोळ्याला पट्टी, आणि एरंडोलच्या आतच त्यांना झोप लागली. नव्वद किलोमीटर माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं. तेव्हा मला जे कळलं ते फारसं शोभणारं नाही. अक्कांच्या नेमावर मी वर्गात बोललो असतो. मुलगी परक्याचं धन, तिच्या घरी राहायचं नाही, हे सगळं कसं चूक आहे ते मी मुलांना पटवून सांगितलं असतं. पण घरात मला तो नेम सोयीचा होता. अक्काच येत नाहीत म्हटल्यावर मला काही करावं लागत नव्हतं. खोली द्यावी लागत नव्हती, आबा-आई आणि अक्का एका घरात कसे निभतील याचा विचार करावा लागत नव्हता. त्यांच्या नेमाआड मी सहा वर्षं निवांत बसून होतो. मला माझी लाज वाटली. धुळ्यात त्यांनी कुलपाला हात लावून किल्लीचं भोक बोटाने शोधलं आणि दार उघडलं. मी "काळजी घ्या" म्हणालो आणि परत फिरलो.

त्या आठवड्यात मी शोरूममध्ये गेलो आणि सात सीटची, पेट्रोलवर चालणारी, पायरी खाली असलेली गाडी नक्की केली. डिझेलची जी सात सीटची होती ती चढायला उंच होती.

"सर, हीच गॅसमध्येही मिळते," सेल्समन म्हणाला.

"नको."

"पण तुमचं रनिंग बघता गॅसच—"

"गॅसला उतरावं लागतं," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी आळशी आहे. आबांना वाटलं मला फसवलं गेलंय. ते नव्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि ट्रॅक्टरचा दिवा दुरुस्त करायचाय म्हणून गावाला निघून गेले. स्टाफरूममध्ये चारही पक्ष नाराज झाले, कारण मी दिलेलं कारण कोणाच्याच मुद्द्यांत बसत नव्हतं. मला मात्र बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटत होतं. घरी आल्यावर मी बायकोला सगळ्यात मागच्या सीटपर्यंत दार उघडून दाखवलं.

"सीट झाली," ती म्हणाली. "आईला विचारणार कोण?"

"तू विचार ना."

"मी सहा वर्षांत किती वेळा विचारलं ते तुम्हाला माहीतसुद्धा नाही. मी विचारते तेव्हा ती नाहीच म्हणणार. लेकीचं बोलावणं हे काय बोलावणं असतं? घर जावयाचं. आणि जावयाने आजवर एकदाही तोंड उघडलेलं नाही." ती हे आवाज न चढवता म्हणाली. मग दार लावलं आणि दुसऱ्यांदा नीट लागलं का ते ढकलून पाहिलं.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी बायकोला आठवा संपत आला होता, डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता. आई तिच्याजवळ थांबली, मुलीची शाळा होती. नवी गाडी घेऊन मी एकटाच धुळ्याला गेलो. वाटभर मी वाक्य जुळवत होतो. मला पन्नास मुलांपुढे तासभर न अडखळता बोलता येतं, आणि त्या दिवशी एक वाक्य जुळत नव्हतं.

अक्का तयार होत्या. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ दिसत होता. त्यांनी ताटात हळदकुंकू आणून गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं, अगदी सरळ, आणि नारळ माझ्याकडून फोडून घेतला. मग मला आत बसवून चहा टाकला. गॅस त्यांनी पहिल्या काडीला पेटवला. आता यांना दिसायला लागलंय, मग विचारायचं कशाला, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं. तोंड बंद ठेवायला तेवढं कारण मला पुरलं असतं.

"अक्का," मी म्हणालो, "आमच्याकडे राहायला चला."

त्यांनी चहाचं भांडं खाली उतरवलं. माझ्याकडे बघितलं नाही. दूध तापत होतं त्याच्याकडे बघत राहिल्या.

"किती दिन?"

"दिवस मोजून नाही. राहायलाच चला."

"तिनी सांगं का तुम्हले?"

"ती सहा वर्षं सांगतेय," मी म्हणालो. "विचारायचं माझं राहून गेलं होतं. चुकलं माझं."

दूध वर आलं, त्यांनी वेळेवर गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं, फडक्याने ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मला वाटलं, नाही म्हणणार. त्यांच्या होकाराची मला किती गरज आहे ते मला तेव्हाच कळलं. त्यांनी फडकं पिळून दोरीवर टाकलं, पदराला हात पुसले आणि दाराबाहेर बघत म्हणाल्या,

"मंग दूधवालाले दूध बंद कराले सांगनं पडी."